प्रतिनिधींचा सहाय्य निधी थकला म्हणून नऊ मतं बाद करायची का? (इंदूर)

फिटर_राजेंद्रनगर

नमस्कार मंडळी. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात फिटर आहे, 27 वर्षं झाली. राहतो इंदूरला, राजेंद्रनगरात. यंदा आमच्या युनियनच्या निवडणुकीत मला निवडणूक अधिकारी केलं आणि आता मी असा अडकलोय की रात्री झोप लागत नाही. कारखान्याचं आणि युनियनचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.

आमच्याकडे 412 सभासद. खात्याखात्यातून 35 प्रतिनिधी निवडून येतात आणि हे 35 जण अध्यक्ष, महामंत्री, कोषाध्यक्ष निवडतात. सभासद वर्गणी महिना 30 रुपये. शिवाय सहाय्य निधी आहे. त्यात सभासदाचे 50 आणि प्रतिनिधीचे 150. प्रतिनिधीचे जास्त अशासाठी की त्यातले 100 वेगळ्या खात्यात जातात. लेबर ऑफिसात तारखेला जायचं, कुणाच्या चौकशीत सोबत बसायचं, म्हणजे त्या दिवसाचा पगार बुडतो. तो या खात्यातून भरून देतात. 2014 च्या आमसभेत हा ठराव आला तेव्हा मी हात वर केला होता आणि आजही करीन. हे खातं नसेल तर ज्याच्या घरी दुसरी कमाई आहे तोच प्रतिनिधी होऊ शकतो.

नियमावलीत एक ओळ आहे: ज्या प्रतिनिधीची संघटनेची देणी तीन महिन्यांहून अधिक थकीत असतील, त्याला मत देता येणार नाही आणि निवडणूक लढवता येणार नाही.

मतदान झालं, 35 पैकी 35. अध्यक्ष बिनविरोध. महामंत्री 19 विरुद्ध 16. कोषाध्यक्ष 18 विरुद्ध 17. चिठ्ठ्या मी स्वतः दोनदा मोजल्या. चौथ्या दिवशी हरलेल्या गटाने लेखी हरकत दिली: नऊ प्रतिनिधींचा निधी ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा पाच महिने थकलेला आहे, त्यांची नऊ मतं बाद करा आणि निकाल फिरवा.

निधीचं रजिस्टर उघडलं. नऊ नावांपुढचे रकाने खरंच कोरे. मग एकेकाला गाठलं. चौघं नव्या शेडमधले. त्यांची तिकडे बदली झाली त्याच सुमारास पगाराचं काम दुसऱ्या एजन्सीकडे गेलं. पगाराच्या स्लिपवर 150 रुपये कटलेले दिसतात, युनियनच्या खात्यात आलेले नाहीत. तिघं म्हणतात आम्ही रोख दिले, गोळा करणाऱ्या पोराच्या हातात, पावती घेतली नाही. उरलेले दोघं सरळ म्हणाले, "दादा, नाही भरले. पोरांच्या शाळेच्या फिया होत्या."

गोळा करणारा पोरगा माझ्याच हाताखाली काम शिकलेला. रोख दिले म्हणणाऱ्या तिघांपैकी एक माझा शेजारी, भिंतीला भिंत. आणि मतदारयादीवर सही माझी. यादी सात दिवस बोर्डावर होती, कुणी हरकत घेतली नाही, म्हणून मी फक्त वर्गणीचं रजिस्टर बघितलं आणि सही ठोकली. निधीचं बघितलं नाही. चूक माझी आहे, गेट मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तसं सांगितलंय.

चार महिन्यांनी वेतन करार संपतोय. दोन गट असे समोरासमोर राहिले तर कंपनीशी बोलायला कोण बसणार? मी काय करू? कुणाला बाद धरू?

शिस्त_आधी

नऊच्या नऊ बाद. नियमात "देणी" लिहिलंय, "वर्गणी" नाही. निधी हे देणंच आहे. स्लिपवर कटलं की नाही, कुणाच्या हातात दिलं, हे बघत बसलात तर पुढच्या वेळी 35 चे 35 म्हणतील आम्ही रोख दिलं होतं. मी बारा वर्षं एका युनियनचा खजिनदार होतो. ज्याची पावती नाही त्याचा पैसा आलेला नाही, एवढा एकच नियम मी पाळला आणि बारा वर्षांत एकदाही माझ्या हिशेबावर बोट उठलं नाही. प्रतिनिधी साध्या सभासदापेक्षा वरचा माणूस. त्याने पावती मागायला नको?

वकील_ताई_इंदूर

दादा, मी कामगार न्यायालयात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. "नऊ मतं बाद करून निकाल फिरवा" हे करताच येत नाही. मतदान गुप्त होतं. त्या नऊ चिठ्ठ्यांवर कुणाचं नाव होतं हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही आणि हरकत घेणाऱ्यालाही नाही. मग वजा कुणाच्या बेरजेतून करणार? रस्ते दोनच. निकाल कायम राहतो, किंवा त्या पदासाठी पुन्हा मतदान होतं. हरलेल्याला परस्पर विजयी जाहीर केलंत तर ते कुठेच टिकणार नाही.

म्हणून आधी अपात्र मतं नेमकी किती हे ठरवा. मग बघा, ती सगळीच्या सगळी जिंकलेल्याला पडली होती असं धरलं तर निकाल बदलला असता का. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 100 मध्ये चुकीने घेतलेल्या मतांबद्दल हाच विचार आहे, की निकालावर खरोखर परिणाम झाला का. तो कायदा युनियनला लागू नाही, पण विचार करायची रीत तीच. तुमच्याकडे कोषाध्यक्षाचा फरक एका मताचा. फी भरायची होती असं सांगणाऱ्या दोघांनी स्वतःच कबूल केलंय, त्यामुळे त्या पदाचं मतदान पुन्हा घ्यावंच लागेल. महामंत्र्यांचा फरक तीन मतांचा. अपात्र दोनच निघाले तर वाईटात वाईट 17 विरुद्ध 16, निकाल कायम. तीन निघाले तर 16–16. म्हणजे सगळा प्रश्न त्या तीन रोखवाल्यांवर येऊन थांबतो.

नव्या शेडच्या चौघांना मी थकबाकीदार मानणार नाही. पगारातून कापायची लेखी संमती त्यांनी दिली, पैसे कापले गेले. पुढे ते न पोचणं हा कापणाऱ्याचा दोष. स्लिपांच्या प्रती घ्या आणि कंपनीला आजच लेखी पत्र द्या. ती रक्कम तुमच्या निधीची आहे, ती वसूल करणं युनियनचं काम आहे.

आता एक जुना कागद शोधा. प्रतिनिधींचे 150 हे 2014 च्या ठरावाने आले म्हणता. तेव्हा लागू असलेल्या ट्रेड युनियन कायदा 1926 च्या कलम 28 प्रमाणे नियमातला प्रत्येक बदल 15 दिवसांत रजिस्ट्रारकडे पाठवायचा असायचा. पाठवला होता का? आमसभेत हात वर झाले आणि नियमावली जुनीच राहिली, असं असेल तर "देणी" या शब्दात हे 150 येतात का, यावरच वाद उभा राहील. सभासदाला हिशेबाची पुस्तकं आणि सभासद यादी तपासायचा हक्क त्याच जुन्या कायद्याच्या कलम 20 ने दिलेला होता आणि नव्या कायद्यातही आहे, तेव्हा हरकत घेणाऱ्यांना रजिस्टर दाखवायला काचकूच करू नका.

कुणी "कोर्टात जातो" म्हणत असेल तर त्यालाही सांगा. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता 2020 लागू झाली आहे. तिच्या कलम 22 मध्ये सभासद आणि युनियन यांच्यातला पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचा वाद न्यायाधिकरणाकडे जातो, आणि उच्च न्यायालय सोडून बाकी दिवाणी न्यायालयांना तो ऐकता येत नाही. आधी लोक दिवाणी दावा लावून मनाईहुकूम आणायचे, कारण जुन्या कायद्यात रजिस्ट्रारला असा वाद सोडवायचा अधिकार नव्हता. दोन्ही काळांत एक गोष्ट सारखी: तारखा पडत राहतात आणि तोवर करार लटकतो.

शेवटचं, आणि हे थोडं कडक वाटेल. हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. यादीवर सही तुमची, पोरगा तुमचा शिष्य, एक जण तुमचा शेजारी. तुम्ही कितीही सरळ वागलात तरी एका गटाला ते पटणार नाही. दोन्ही बाजूंचे सारखे लोक घेऊन समिती करा. तुम्ही तिच्यासमोर कागद ठेवा, मत देऊ नका.

शिस्त_आधी

ताईंचं चौघांबद्दलचं म्हणणं मान्य करतो. स्लिप ही पावतीच झाली. रोखवाल्यांबद्दल माझं मत तेच.

मालवा_मिल_अण्णा

बाळा, मी 78 वर्षांचा आहे. मालवा मिल भागातल्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होतो. टाइप नातू करतोय.

आमच्या वेळी पगाराच्या दिवशी फाटकाच्या आत टेबल लागायचं. एक जण वही घेऊन, एक जण पावतीपुस्तक घेऊन. पैसा घेणारा आणि पावती फाडणारा कधी एक माणूस नसायचा. बदली कामगाराचा चार आण्यांचा चंदा असला तरी पावती. अनंत चतुर्दशीच्या झाँकीचा, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्याचा, चंदासुद्धा असाच लिहिला जायचा, कारण झाँकीवरून दोन खाती भांडलेली आम्ही बघितली होती. गिरण्या गेल्या, झाँक्या अजून निघतात.

हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली. तिथल्या कामगारांच्या देण्यांचे 224 कोटी 25 डिसेंबर 2023 ला वाटपाला निघाले, सुमारे 4,800 कामगारांसाठी. 32 वर्षं! त्या दिवसांत आमच्या गल्लीत लोक ट्रंका उपसत होते. बापाचा गेटपास, नवऱ्याचं हजेरीकार्ड, फंडाची चिठ्ठी. एका म्हाताऱ्या वहिनींनी तांदळाच्या डब्यात ठेवलेली पगाराची चिठ्ठी मला वाचायला आणून दिली, तिच्यावरची शाई पार उडालेली होती. मी ती उन्हात धरून नंबर वाचला. म्हणून सांगतो, कागद हा गरिबाचा साक्षीदार असतो, त्याला हलकं समजू नका.

पण तुझ्या त्या पोराला चोर म्हणायच्या आधी त्याचे खिसे बघ. चोर म्हणून नाही रे. गोळा करणारा पोरगा काहीतरी कुठेतरी लिहितोच. विडीच्या पाकिटावर लिहील, कॅलेंडरवर लिहील. आणि बँकेचं पासबुक बघ. पोराने कोषाध्यक्षाला दिले असतील तर पैसे खात्यात नावाशिवाय पडलेले असतील. माणूस नाव लिहायला विसरतो, बँक आकडा लिहायला विसरत नाही.

वीणा_सुदामानगर

माझी मोठी बहीण न्यू जर्सीत नर्स आहे आणि तिच्या युनियनची प्रतिनिधी आहे. हा धागा तिला वाचून दाखवला तर म्हणाली, आमच्याकडे नेमकं हेच कायद्यात लिहिलंय. युनियनमधल्या निवडणुकांबद्दल तिथे 1959 चा कायदा आहे. सभासदाच्या संमतीने मालक पगारातून वर्गणी कापत असेल, तर ती पोचायला उशीर झाला किंवा पोचलीच नाही या कारणाने त्याला मत देण्यापासून किंवा उभं राहण्यापासून अडवता येत नाही. वाद झाला तर आधी युनियनच्या आतच दाद मागायची. तिथे निकाल लागला, किंवा तीन महिने होऊनही लागला नाही, तर पुढच्या एका महिन्यात सरकारच्या कामगार खात्याकडे तक्रार. आणि गैरप्रकाराने निकालावर परिणाम झाला असू शकतो असं दिसलं तरच फेरनिवडणूक. म्हणजे ताईंनी सांगितलेला हिशेबच.

आणखी एक गोष्ट तिने आवर्जून लिहायला सांगितली. तिथे वाद मिटेपर्यंत ती निवडणूक वैध धरतात आणि निवडून आलेले लोकच कारभार बघतात. तो कायदा आपल्याला लागू नाही हे कळतं, पण तुमच्या कराराच्या दृष्टीने विचार करा. मधल्या काळात सही कुणाची चालेल हे समितीने पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं. नाहीतर कंपनी म्हणेल तुमचे पदाधिकारीच ठरलेले नाहीत, कुणाशी बोलू?

फिटर_राजेंद्रनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णा, तुमच्या नातवालाही.

काल युनियनच्या खोलीतलं लोखंडी कपाट पूर्ण रिकामं केलं. 2014 च्या ठरावाची प्रत आणि रजिस्ट्रारकडची पोच दोन्ही सापडलं, शिक्क्यासकट. ते कार्यालय इंदुरातच असल्याने तेव्हाचे महामंत्री स्वतः जाऊन देऊन आले होते. म्हणजे 150 रुपये नियमात आहेत, त्यावर वाद उरला नाही. कंपनीला चौघांच्या स्लिपा जोडून पत्र दिलं.

समितीही झाली. दोन त्यांचे, दोन यांचे, पाचवे आमचे निवृत्त झालेले जुने कोषाध्यक्ष. त्यांच्याबद्दल दोन्ही गटांत एक शब्द वाईट निघत नाही. मधल्या काळात निवडून आलेले महामंत्री आणि मावळते कोषाध्यक्ष मिळून सह्या करतील असं पहिल्या पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वीणाताई, बहिणीला सांगा.

रविवारी बैठक आहे. त्या पोराला सांगितलंय, जे काही लिहिलेलं असेल ते घेऊन ये. तो रडायलाच लागला. म्हणाला, उस्ताद, मी एक पैसा खाल्ला नाही. मी त्याला म्हटलं, मला माहीत आहे, पण माझं माहीत असणं रविवारी उपयोगाचं नाही.

फिटर_राजेंद्रनगर (नऊ दिवसांनी)

काय झालं ते सांगायला आलो.

दार उघडं ठेवून बैठक घेतली, बाहेर पन्नास-साठ लोक उभे होते. चौघांच्या स्लिपा पाच मिनिटांत मान्य झाल्या. शिस्त_आधी यांनी इथे मान्य केलं तसंच हरकत घेणाऱ्यांनीही केलं.

मग पोराने डायरी काढली. खिशात मावणारी, ऑइलचे डाग पडलेली. पाच महिन्यांची पानं. रोखवाल्या तिघांपैकी दोघांची नावं पाचही महिन्यांत, तारखेसकट, प्रत्येकी 150. म्हणजे दोघांचे मिळून 1,500. अण्णा, तुमचं ऐकून पासबुक आधीच भरून आणलं होतं. कोषाध्यक्षाने रोख भरणा केलेल्या रकमा आणि रजिस्टरमधली रोख जमा यांचा फरक काढला. पाचही महिन्यांत दर महिन्याला 300 रुपये जास्त भरलेले. एकूण 1,500. त्या वेळच्या कोषाध्यक्षाने ते "किरकोळ जमा" म्हणून लिहून ठेवले होते, नावं विचारली नव्हती. खोलीत एकदम शांतता झाली. पोरगा भिंतीला टेकून खाली बसला. हरकत घेणाऱ्यांपैकी एक जण उठला, त्याने त्याला पाणी दिलं.

तिसरं नाव डायरीत नव्हतं. ते नाव माझ्या शेजाऱ्याचं. तो म्हणाला, मी दिले आहेत, पोराच्या हातात नाही तर शिफ्ट सुटताना दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. कुणाच्या? आठवत नाही. पासबुकात त्याचे 750 कुठेच बसत नव्हते. समितीने मला विचारलं, तुमचं काय म्हणणं? मी म्हणालो, माझं मत घेऊ नका असं ठरलंय. त्याने माझ्याकडे बघितलं. आमची मुलं एकत्र शाळेत गेली आहेत. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा सहा रात्री याने जागून काढल्या आहेत. मी एक वाक्य बोललो असतो तर कदाचित पाचव्यांनी त्याच्या बाजूने मत दिलं असतं. बोललो नाही.

समितीने त्याला थकीत धरलं. अपात्र तीन, म्हणजे वाईटात वाईट 16–16. पाचव्यांनी फळ्यावर हिशेब मांडून दाखवला आणि विजयी महामंत्री स्वतः उठून म्हणाले, मी पुन्हा उभा राहतो. तेवढ्यावर दोन्ही पदांचं फेरमतदान ठरलं. नवी कट-ऑफ तारीख दिली, तिघांना लेखी नोटीस दिली, थकबाकी भरायला पाच दिवस. तिघांनीही भरली.

काल मतदान झालं. पुन्हा 35 पैकी 35. या वेळी दोन्ही रजिस्टरं टेबलावर उघडी ठेवली आणि दोन्ही गटांच्या माणसांनी प्रत्येक नावापुढे टिक केली, मगच मी सही केली. महामंत्री 20–15, तेच. कोषाध्यक्ष 16–19, पद दुसऱ्या गटाकडे गेलं. आता एक पद यांचं, एक त्यांचं. कराराच्या मागण्यांची यादी करायला दोघं उद्या बसत आहेत.

कंपनीचंही उत्तर आलं. चौघांचे 3,000 रुपये पुढच्या पगाराबरोबर निधीत जमा करतो असं लेखी दिलंय. पावतीपुस्तक आता तीन प्रतींचं छापायला टाकलंय. अण्णा म्हणतात तसं, पैसा घेणारा एक आणि पावती फाडणारा दुसरा.

शेजाऱ्याने 750 रुपये माझ्याच समोर मोजले. पावती घेतली, घडी करून खिशात ठेवली. अजून बोलत नाही. काल बसमध्ये मागच्या सीटवर बसला होता, राऊपर्यंत. माझ्या बायकोने आज त्यांच्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या. डबा त्यांनी ठेवून घेतलाय.

मालवा_मिल_अण्णा

डबा ठेवून घेतलाय ना. मग तो भरून परत येईल. तू घाई करू नकोस.

वकील_ताई_इंदूर

दादा, समितीचा निर्णय, डायरीच्या पानांच्या प्रती, पासबुकाची प्रत आणि दोन्ही मतदानांचे निकाल एकत्र बांधून ठेवा, आणि पदाधिकाऱ्यांतला बदल रजिस्ट्रारला वेळेत कळवा. कुणी पुढे न्यायाधिकरणात गेलंच तर हीच फाइल लागेल. त्या पोराला त्याची डायरी परत द्या, प्रत तुमच्याकडे ठेवा.